हार्ड डिस्क दिसली म्हणजे चालली, असं नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

जुना संगणक भंगारात काढू नका, त्यात मोठी हार्ड डिस्क बसवा आणि फोटो-व्हिडिओ साठवायला वापरा, असा लेख आपल्या पुरवणीत वाचला. सल्ला योग्यच आहे, मी स्वतः तेच करते. पण 'केबल जुळली की काम झालं' असं एक वाक्य त्यात आहे. त्या समजुतीपायी मी एकदा चांगलीच पोळले आहे, म्हणून हे पत्र.

माझी सगळी नोकरी छापखान्याच्या डीटीपी विभागात गेली. 2003 साली पानांच्या फायली आणि स्कॅन ठेवायला 160 जीबीची डिस्क आली. विभागातल्या नव्या संगणकावर तिचं एकच पार्टिशन (म्हणजे सगळ्या जागेचा एकच भाग) करून फॉरमॅट केली आणि मग स्कॅनर ज्या जुन्या मशीनला जोडलेला होता, त्यात बसवली. 149 जीबी दिसले. (डिस्कवाले हजाराने मोजतात, विंडोज 1024 ने. एवढी घट सगळ्यांच्याच पदरी असते, त्यात फसवणूक नाही.) काही महिने कुरकुर नाही. आणि एका सकाळी डिस्क उघडायला गेले तर पडद्यावर प्रश्न: फॉरमॅट करायची का? आदल्या संध्याकाळी केलेलं स्कॅन बिनतक्रार सेव्ह झालं होतं. एकही एरर आली नव्हती. तेच तर खटकत होतं.

कारण समजलं ते आमच्याच नंबरिंग मशीनमुळे. पावतीपुस्तकांवर नंबर मारणाऱ्या त्या छोट्या मशीनला सहा चाकं असतील, तर 999999 नंतरच्या टोल्याला 000000 उमटतं. मशीन थांबत नाही, सावधही करत नाही. डिस्कवरच्या जागेचंही तसंच आहे. ती 512 बाइटच्या सेक्टरांत विभागलेली असते आणि प्रत्येक सेक्टरला नंबर असतो. आयडीई या डिस्क जोडण्याच्या जुन्या पद्धतीत या नंबरासाठी 28 बिट ठेवलेले होते, म्हणजे फक्त 0 किंवा 1 दाखवणारी 28 चाकंच म्हणा. त्यात 26,84,35,456 सेक्टर मावतात, म्हणजे 137 जीबी. विंडोजच्या हिशोबाने 128. त्याच्या पुढच्या सेक्टरवर लिहायला सांगितलं की वरचा आकडा गळतो आणि उरतं शून्य. शून्य नंबरच्या सेक्टरमध्ये काय असतं? पार्टिशन टेबल, म्हणजे डिस्कचा कोणता भाग कुठे आहे याची नोंद. माझं स्कॅन थेट त्याच्या उरावर जाऊन बसलं होतं. त्याच्या मागोमाग आणखी काय काय पुसलं गेलं, ते मोजायचं धाडस झालं नाही.

यावर तोड निघालेली होती. एटीए-6 या त्याच जोडणीच्या पुढच्या मानकात नंबर 48 बिटांचा झाला आणि विंडोज एक्सपीला तो 2002 च्या सर्व्हिस पॅक 1 पासून (विंडोजच्या सुधारणांचा एकत्र संच) कळू लागला. पण आमच्या त्या मशीनवर सर्व्हिस पॅक टाकलेलाच नव्हता. टाकला तर स्कॅनरचं सॉफ्टवेअर रुसेल, या भीतीने कोणी हात लावत नसे. त्या 'कोणी'मध्ये मीही होते, हे कबूल करते.

हे जुनं झालं म्हणाल, तर परवाचं सांगते. 3 टीबीची डिस्क एका जुन्या यूएसबी केसमध्ये (डिस्क बाहेरून जोडायच्या डबीत) घातली, तर दिसले फक्त 746 जीबी. भाच्याने लगेच निदान केलं, 'मावशी, डिस्क नकली आहे.' नकली नव्हती. केसमधली चिप सेक्टरचा नंबर 32 बिटांत मोजत होती आणि तिची धाव 2.2 टीबीपर्यंत. 3 टीबीतून तेवढे वजा करा, उरतात सुमारे 800 जीबी, म्हणजे विंडोजच्या हिशोबाने बरोबर ते 746. तीच डिस्क नव्या केसमध्ये घातली आणि 2794 जीबी पूर्ण दिसले. या वेळी निदान आकडा तरी चुकीचा दिसला. 2003 मध्ये आकडा बरोबर होता आणि घात झाला. मला विचाराल तर तो प्रकार जास्त वाईट.

डिस्कच्या मर्यादा अशाच एकामागून एक आल्या: 528 एमबी, 8.4 जीबी, 137 जीबी, 2.2 टीबी... एवढं कोणाला लागणार आहे, असं प्रत्येक टप्प्यावर कोणाला तरी वाटलं असणार.

उलटा प्रकारही घडतो. काही केस 2.2 टीबीची अडचण टाळण्यासाठी संगणकाला 512 ऐवजी 4096 बाइटचे सेक्टर असल्याचं सांगतात. केसमध्ये असेपर्यंत सगळं सुरळीत. डिस्क बाहेर काढून थेट मदरबोर्डला जोडली की ती कोरी भासते. माल जागेवरच असतो, फक्त मोजपट्टी बदललेली असते. परत त्याच केसमध्ये घातली की फायली दिसतात.

जुन्या संगणकात मोठी डिस्क बसणारच नाही, असं मात्र नाही. बूट करायला जुनी छोटी डिस्क तशीच ठेवायची आणि मोठी फक्त साठवणीला, जीपीटी या पार्टिशनच्या नव्या पद्धतीने भाग पाडून. 32 बिटांच्या एक्सपीला जीपीटी वाचता येत नाही, विंडोज 7 किंवा लिनक्सला येतं. डिस्क सांभाळणारी मदरबोर्डवरची चिप, म्हणजे कंट्रोलरच तोकडा असेल तर रिकाम्या स्लॉटमध्ये नवं कार्ड टाकावं. आयडीईनंतर आलेल्या साटा जोडणीच्या सुरुवातीच्या काही कंट्रोलरना नव्या डिस्कचा वेग झेपत नाही आणि डिस्क दिसतच नाही. तेव्हा डिस्कवर जंपरची (दोन पिना जोडणाऱ्या छोट्या टोपीची) सोय असेल तर तो लावून वेग 1.5 गिगाबिटवर आणता येतो.

केस आणि कार्ड बनवणाऱ्यांवर माझा राग आहे तो वेगळाच. खोक्यावर ठळक अक्षरांत 'मोठ्या डिस्क चालतात'. मोठ्या म्हणजे किती? तो आकडा छापायला शाईचा एक थेंब लागतो, हे मी छापखान्यातली बाई सांगते.

लेखाचा पुढचा भाग येणार असेल तर त्यात एवढं जरूर घालावं. डिस्क ज्या मशीनमध्ये वापरायची तिथेच एकदा काठोकाठ भरून पाहावी, सुरुवातीला टाकलेल्या फायली पुन्हा उघडून बघाव्यात, आणि तोवर मूळ प्रत पुसू नये. भरलेल्या डिस्कने 'फॉरमॅट करायची का?' असं विचारलं, तर आधी 'नाही' दाबून ती दुसऱ्या संगणकाला जोडून बघावी.

कळावे,
आपली एक नियमित वाचक
(निवृत्त डीटीपी ऑपरेटर)