साइट मॅनेजरचे तास कोण मोजतो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बांधकामावर अपघात झाला की बातमीची शेवटची ओळ बहुधा ठरलेली असते: ‘साइट इंजिनिअर आणि ठेकेदारावर गुन्हा नोंद.’ त्या ओळीतला पहिला माणूस म्हणून मी बावीस वर्षे नोकरी करतो आहे. माझ्यावर अजून गुन्हा नोंद झालेला नाही, देवाची कृपा. डिप्लोमा करून सुपरवायझर म्हणून लागलो, मग साइट इंजिनिअर झालो, आता कार्डावर ‘साइट मॅनेजर’ असे छापले आहे. काम तेच. चूक आमची असेल तर गुन्हा जरूर नोंदवावा. नव्या न्याय संहितेत निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पूर्वी दोन होती. त्याबद्दल तक्रार नाही. मला बोलायचे आहे ते अपघाताच्या आदल्या दिवसाबद्दल.

सध्या मे चालू आहे. पावसाला जेमतेम तीन आठवडे उरलेत आणि गोव्यातल्या प्रत्येक बिल्डरला तेवढ्यात एक स्लॅब उरकायचा आहे. फ्लॅट घेणाऱ्यांच्या बँकेचा हप्ता स्लॅब पडल्यावर सुटतो. हप्ता अडला की ठेकेदाराचे बिल अडते, बिल अडले की मजुरांचा पगार. त्यातच बागलकोट, झारखंड, ओडिशाकडचे निम्मे लोक लग्नांसाठी गावी गेलेले. काँक्रीटच्या प्लांटला फोन केला तर ‘साहेब, आज चार ठिकाणी स्लॅब आहेत, संध्याकाळी बघतो.’ मग संध्याकाळी सहाला निघालेली गाडी पर्वरीच्या कोंडीत अडकते, आणि पाणी घातल्यापासून दोन तासांत माल उतरला पाहिजे म्हणून मी घड्याळ बघत गेटवर उभा.

चार वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली एक रात्र सांगतो. आजवर घरीसुद्धा सांगितलेली नाही. आदल्या रात्री सळ्या तपासून घरी पोचायला एक वाजला होता. सकाळी साडेसहाला पुन्हा साइटवर. अकराला येणारी पहिली गाडी चारला आली. रात्री नऊच्या सुमारास बॅटरी घेऊन स्लॅबखाली फिरत होतो, तेव्हा सेंट्रिंगचा (ओल्या स्लॅबखालचा तात्पुरता साचा आणि टेकू उभारणारा) एक पोरगा कोपऱ्यातून म्हणाला, ‘साहेब, ये बैठ रहा है.’ एक प्रॉप, म्हणजे साच्याखालचा टेकू, चिऱ्याच्या तुकड्यावर उभा होता आणि तो तुकडा जोत्यात भरलेल्या मातीवर. प्रॉपच्या तळाची प्लेट दोन बोटे खाली गेली होती. वर प्लायला पोट आले होते आणि सिमेंटचे पाणी माझ्या बाहीवर ठिबकत होते. पंप बंद करायला ओरडलो, वरची माणसे बाजूला घेतली, फळ्या टाकून शेजारी दोन प्रॉप लावले. अर्धा तास गेला. तेवढ्यात मालकांचा फोन, ‘किती राहिले?’ मी म्हटले, ‘थोडे.’ दुसऱ्या दिवशी रजिस्टरमध्ये लिहिले, ‘स्लॅब व्यवस्थित पूर्ण.’

त्या प्रॉपजवळून मी दुपारपासून दोनदा गेलो होतो. तपासणीच्या कागदावर त्याच्यापुढे माझीच बरोबरची खूण होती, खाली सही होती. डोळे उघडे होते, दिसत नव्हते. त्या पोराने आवाज दिला नसता तर काय झाले असते, ते मी वाचकांना सांगायला नको. ४ जानेवारी २०१४ रोजी काणकोणात चावडीवर बांधकाम चालू असलेली इमारत कोसळली आणि ३१ जीव गेले. तो शनिवार होता. बातमी आली तेव्हा मी साइटवर होतो आणि कोणी न सांगता आम्ही सगळे आपापल्या सेंट्रिंगखाली जाऊन एकेक प्रॉप हलवून बघत होतो, हे मला अजून आठवते.

आता कायद्याकडे येतो. बांधकाम मजुरांसाठी १९९६ चा कायदा होता. त्यात कामाचे तास होते, जादा कामाला दुप्पट मजुरी होती (कागदावर का होईना). पण ‘कामगार’ या व्याख्येतून व्यवस्थापकाचे काम करणारा वगळलेला, आणि देखरेख करणारा महिना १,६०० रुपयांपेक्षा जास्त घेत असेल तर तोही वगळलेला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी नवी कामगार संहिता लागू झाली. आकडा १८,००० झाला, बाकी आम्ही होतो तिथेच. काँक्रीटची गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरने किती तास चालवावे, याला १९६१ पासून कायदा आहे. त्याची गाडी रिकामी करून घेणाऱ्याने किती तास जागावे, याला नाही. सेफ्टी ऑफिसर पूर्वी ५०० मजुरांच्या साइटला लागायचा, आता २५० च्या. आमच्या चार-पाच मजली इमारतीवर तीस-चाळीस माणसे असतात. तिथे सेफ्टी ऑफिसर म्हणजे मीच.

आणि खरा ताण तासांचाही नाही म्हणा. तो ‘नाही’ म्हणण्याचा आहे. दोन आधारांत साडेचार मीटरपर्यंत अंतर असलेल्या स्लॅबखालचे प्रॉप सात दिवस, त्याहून मोठ्या अंतराला चौदा दिवस आणि सहा मीटरवरच्या बीमखाली एकवीस दिवस ठेवावेत, असे काँक्रीटचे भारतीय मानक आयएस ४५६ म्हणते. ते सगळ्यांना पाठ आहे. पण पाचव्या दिवशी ठेकेदार येतो, ‘साहेब, वरच्या मजल्याला सेंट्रिंगच्या प्लेटा कमी पडतात, खालच्या काढू का?’ नाही म्हटले तर काम थांबते आणि संध्याकाळी ऑफिसातून फोन येतो की तुम्ही फार पुस्तकी आहात. हो म्हटले तर रात्री झोप नाही. या कचाट्यात माझ्या बरोबरीचे तिघेजण चाळिशीतच रक्तदाबाच्या गोळ्यांवर आलेत. एकाला साइटवरून थेट बांबोळीच्या सरकारी इस्पितळात न्यावे लागले. बाकीचे सुटल्यावर बारमध्ये सापडतात. त्यांच्यावर हसण्याचा हक्क मला नाही.

कामगार खात्याचे निरीक्षक येतात तेव्हा हेल्मेट मोजतात, मजुरांचे हजेरीपत्रक बघतात. बघावेच. पण त्यांनी एकदा मला विचारावे, काल किती वाजता गेलास आणि आज किती वाजता आलास. सकाळपासून उभा असलेला माणूस रात्रीच्या स्लॅबवर नको, दुसरा इंजिनिअर द्या, एवढी अट बांधकामाच्या परवानगीतच घालता येईल. एका इंजिनिअरचा एका रात्रीचा खर्च काँक्रीटच्या एका गाडीपेक्षाही कमी आहे.

आणखी एक सुचवतो. प्रकल्प किती पुढे गेला ते बिल्डरला दर तीन महिन्यांनी रेराच्या (बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर भरावे लागते. तिथे प्रत्येक स्लॅब कधी टाकला आणि त्याची सेंट्रिंग कधी काढली, या दोन्ही तारखा समोरासमोर लिहायला लावाव्यात. फ्लॅट घेणारा घरी बसून वजाबाकी करील. पाचव्या दिवशी प्लेटा मागायला येणाऱ्या ठेकेदाराला मग मला ‘नाही’ म्हणावे लागणार नाही, ऑफिसच म्हणेल.

पत्र लांबले, क्षमस्व. उद्या पंप सातला सांगितला आहे. गाड्या किती वाजता येतील ते प्लांटवाल्यालाच ठाऊक.

आपला,
एक साइट मॅनेजर, डिचोली

(कृपया नाव छापू नये.)