पोरगी कॅनन लॉ शिकायला चालली म्हणून लिहितोय

प्रिय मित्रा, सप्रेम नमस्कार.

तुझा मेसेज रात्री वाचला. पोरगी सिस्टर (चर्चची नन) झाली ते तू मनापासून स्वीकारलंस, पण आता काँग्रिगेशन, म्हणजे तिचा सिस्टरांचा संघ, तिला बंगळूरला कॅनन लॉ, म्हणजे कॅथलिक चर्चचा कायदा, शिकायला पाठवतंय म्हणल्यावर तुझा जीव खालीवर होतोय. नर्सिंग केलेली पोरगी, पेशंट सोडून कायद्याची पुस्तकं कशाला, असं लिहिलंस. मला ते अजिबात पटलं नाही गड्या.

बघ, आपल्या जालना-बीडकडं सिस्टरांचा एखादा दवाखाना असतो ना, त्याची जमीन ट्रस्टच्या नावावर असते, पण चर्चच्या कायद्यात ती काँग्रिगेशनची मालमत्ता असू शकते. म्हणजे उद्या सिस्टर म्हाताऱ्या झाल्या, नव्या पोरी येईनात, दवाखाना दुसऱ्याला चालवायला द्यायचा किंवा जमीन विकायची म्हणलं की धर्मादाय आयुक्तांची परवानगी तर लागतेच, वर चर्चच्या कायद्यातल्या कलम ६३८ (कॅनन ६३८) प्रमाणे सुपिरियरची, म्हणजे संघाच्या प्रमुख सिस्टरची, लेखी परवानगी आणि तिच्या कौन्सिलची संमती लागते, आणि रक्कम ठरलेल्या मर्यादेच्या वर गेली की थेट रोमची, म्हणजे पोपच्या कार्यालयाची. एक जरी कागद चुकला तरी सगळं अडकतं, आणि गरिबांसाठी ठेवलेल्या खाटा पुढचा मालक ठेवील का नाही, हे करारातल्या दोन ओळींवर ठरतं. त्या ओळी कुणी लिहायच्या? वकिलाला वॉर्ड माहीत नसतो, डॉक्टरला कॅनन माहीत नसतो. तुझ्या पोरीला दोन्ही माहीत असंल.

आणि ह्याच कायद्यानं एकेकाळी सिस्टरांना अडवलं होतं बरं का. १९१७ च्या कोडमध्ये, म्हणजे चर्चच्या कायद्याच्या संहितेत, रोमच्या खास परवानगीशिवाय धर्मसंघातल्या लोकांना डॉक्टरकी करता येत नव्हती. ऑस्ट्रेलियाच्या डॉक्टर मेरी ग्लाउरी १९२० ला गुंटूरला आल्या, सिस्टर झाल्या, तर डॉक्टरकी करायला पोपची परवानगी लागली. त्यांनीच पुढं १९४३ ला कॅथलिक दवाखान्यांची देशभराची संघटना सुरू केली. ॲना डेंगल रावळपिंडीत डॉक्टर होत्या, पडद्यातल्या बाया पुरुष डॉक्टरला दाखवत नव्हत्या, बाळंतपणात जीव जायचे. त्यांनी १९२५ ला मेडिकल मिशन सिस्टर्स काढल्या, पण रोमनं सिस्टरांना बाळंतपण-ऑपरेशनची मोकळीक दिली १९३६ ला. अकरा वर्षं! तेवढ्या काळात किती बाया गेल्या असतील, मला ते वाचून झोप लागली नव्हती. कायदा आतून समजून घेऊन रोमपुढं मांडणारं माणूस लागतंच रे.

आता १९८३ चं कोड आहे, त्यात बिशपांच्या परिषदेनं परवानगी दिली तर चर्चच्या कोर्टात सिस्टरसुद्धा न्यायाधीश होऊ शकते, हे तुझ्या घरच्यांना सांग जरा, आजीला तर नक्की सांग.

फी, होस्टेलची काळजी करू नको, ते काँग्रिगेशन बघतं. नाताळात ती घरी आली की मला फोन कर. आमच्याकडच्या दवाखान्याच्या जमिनीचा सातबारा आणि जुनं ट्रस्ट डीड घेऊन येतो, तिच्याशी बसून बघायचंय.

तुझाच