धावपट्टी तोकडी की उत्तर अर्धवट?

संपादक महोदय,

धुळ्याजवळच्या गोंदूर विमानतळाच्या धावपट्टीचा विषय निघाला की गावात चहाच्या टपरीवर एकच वाक्य ऐकू येतं, "दादा, आपली पट्टी तोकडी शे, इमान कसं येई?" हवाई दलात मी एएन-३२ या दोन प्रॉपेलरच्या विमानांच्या इंजिनांवर वीस वर्षं काम केलं. नुसती लांबी मोजून या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. विमान कोणतं, वजन किती आणि वेळ दिवसाची कुठली, हेही सांगावं लागतं.

प्रॉपेलरच्या विमानाचे पंख सरळ असतात आणि कमी वेगातच उचल देतात. उतरल्यावर पाती उलट्या कोनात वळवली की तोच प्रॉपेलर विमानाला मागे ओढून धरतो. सत्तरेक आसनांच्या, प्रॉपेलरच्याच एटीआर ७२-६०० विमानाला पूर्ण वजनासह उडायला सुमारे १,३०० मीटर लागतात, लहान एटीआर ४२ ला सुमारे १,१००. शिमल्याची धावपट्टी जेमतेम १,२०० मीटरची, तीही डोंगर कापून केलेली. तिथे २०२२ मध्ये एटीआर ४२ ची सेवा पुन्हा सुरू झाली, ती वजनाची मर्यादा पाळून.

पण हे कारखान्याचे आकडे समुद्रसपाटीचे आणि १५ अंश तापमानाचे असतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ वर जातो. धुळे-जळगाव समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरच्या आसपास, तरी त्या दुपारी इथली हवा तेराशे-चौदाशे मीटर उंचीवरच्या थंड हवेइतकी विरळ होते. म्हणजे विमानाच्या हिशेबी आपण महाबळेश्वरच्या उंचीवर असतो. इंजिनाची ताकद घटते, पंखांची उचल घटते, धाव लांबते.

लेहला हे मी रोज पाहिलं. ऊन चढायच्या आत निघायचं, हा तिथला नियम. कधी उशीर झाला, पारा दोन-चार अंशांनी वर गेला, की लोडमास्टर, म्हणजे विमानातल्या मालाच्या वजनाचा हिशेब ठेवणारा, गुडघ्यावर ठेवलेल्या कागदावरचा आकडा पेन्सिलीने खोडायचा आणि नुकत्याच चढवलेल्या पेट्या जवान मागच्या रॅम्पवरून परत खाली ओढायचे. त्या कागदापुढे कुणाच्याही हुद्द्याचं काही चालत नसे. कारण हिशेब दोन्ही इंजिनं चालू धरून करतच नाहीत. ऐन धावेत एक बंद पडलं, तर उरलेल्या पट्टीत थांबता यायला हवं, नाहीतर एकाच इंजिनावर पुढची झाडं-टेकड्या ओलांडता यायला हव्यात. धावपट्टी पुरते की नाही, ते इथे ठरतं.

गेल्या मे महिन्यात एका छोट्या विमानतळावरून मुलीकडे निघालो होतो. दुपारचं विमान. उतरल्यावर अकरा जणांच्या बॅगा आल्याच नाहीत. मला कारण उमगलं, पण शेजारच्या आजींची औषधं त्या बॅगेत होती आणि काउंटरवर "उद्या येतील" यापलीकडे कुणी बोलेना. सामान उतरवणं चूक नव्हतंच. ते न सांगणं मात्र अक्षम्य होतं.

जळगावला १९ आसनी विमानही आलं, एटीआरही आलं. धुळ्याला काय येऊ शकतं, याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं नको. ८०० मीटरवरून ४० प्रवासी नेणाऱ्या एटीआरचं स्वप्न कुणी दाखवू नये, तो प्रकल्प कंपनीनेच २०२४ मध्ये सोडला. १९ आसनी डॉर्नियर मात्र आपल्याच देशात, कानपूरला बनतं. गोंदूरसाठी १९ आसनी डॉर्नियर, एटीआर ४२ आणि एटीआर ७२ यांचा तक्ता संबंधितांनी जाहीर करावा. मे महिन्यात सकाळी सातला किती प्रवासी, दुपारी तीनला किती, ते त्यात असावं. जोडीला पट्टीची रुंदी, डांबराची वजन पेलायची ताकद आणि अग्निशमनाची सोय यांचीही नोंद हवी. आणि उन्हाळ्यातलं वेळापत्रक सकाळी नऊच्या आतलंच धरावं.

– हवाई दलातील एक निवृत्त सार्जंट, देवपूर, धुळे