लग्न ठरल्याप्रमाणेच होईल

ती. आई-बाबांना,
सा. न.

आमच्या दोघांच्या रक्ताच्या रिपोर्टमध्ये थॅलेसेमिया मायनर निघालं, तरी लग्न ठरलंय त्याच दिवशी होईल. रिपोर्ट समोर ठेवून, समुपदेशकांशी बोलूनच आम्ही हे पक्कं केलंय. मावशीला काय सांगायचं ते मी बघेन.

आम्ही दोघं थॅलेसेमिया मायनर आहोत, म्हणजे रक्तातल्या या आनुवंशिक दोषाचे नुसते वाहक. हा आजार नव्हे. बीटा-ग्लोबिनची, म्हणजे हिमोग्लोबिनच्या एका घटकाची, जनुकं दोन असतात, एक आईचं, एक वडिलांचं. आमच्यातलं एकेक बिघडलेलं आहे, दुसऱ्यावर माणूस आयुष्यभर नीट जगतो. मी व्यवस्थित जेवते, दमत नाही, काळजी नको. प्रश्न बाळाचा आहे. दोन्ही बिघडलेली त्याच्या वाट्याला आली तर थॅलेसेमिया मेजर, म्हणजे खरा आजार: दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवायचं, आणि त्यातून साचणारं लोह काढायला रोज औषध. ही शक्यता दर गरोदरपणात 25 टक्के. बाबा, पहिलं मूल चांगलं झालं म्हणून दुसऱ्या वेळी ती बदलत नाही.

म्हणून आधी दोघांची डीएनए तपासणी करतोय. नेमका बिघाड माहीत नसेल तर गरोदरपणात तो शोधण्यातच दिवस जातात. मग अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा बारीकसा नमुना घेऊन तपासतात. पुढचं काय, ते आमचं बोलून झालंय. तेवढं आमच्यावर सोडा.

आई, रडू नकोस गं. तू मला वाईट काही दिलं नाहीस. हे तुझ्याकडून आलं असेल तर तुलाही ते कुणाकडून तरी आलं असणार. आजी कायम फिकट दिसायची, आठवतं? तुझा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा रिपोर्ट, पाहिला: हिमोग्लोबिन 10.8, एमसीव्ही (तांबड्या पेशीचा सरासरी आकार) 63, तांबड्या पेशी 56 लाख, म्हणजे 5.6 दशलक्ष. लोह कमी पडलं की पेशी लहान होतात आणि सहसा संख्याही घटते. तुझ्या लहान आहेत, पण भरपूर. आकार भागिले संख्या, 63 भागिले 5.6, म्हणजे सव्वाअकरा. हे उत्तर 13 च्या खाली आलं की थॅलेसेमिया मायनरचा संशय घ्यायचा. इतकी वर्षं गोळ्या गिळून हिमोग्लोबिन हललं नाही, ते बहुतेक यामुळेच. आता फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) पाहिल्याशिवाय लोहाची नवी बाटली आणायची नाही.

सोमवारी एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी रक्ततपासणी, करून घे. उपाशी राहू नकोस, चहा-पोळी खाऊन जा. बाबा, तुम्ही सोबत जायचंच, आणि रिक्षाने. त्यात एचबीए2 हा हिमोग्लोबिनचा प्रकार साडेतीन टक्क्यांच्या वर असेल तर मायनर. फेरिटिन त्याच वेळी करा, कारण लोह फार घटलं असेल तर एचबीए2 खोटंच कमी दिसतं. दादालाही पाठवा. आई, तुझ्यात निघालं तर त्याच्यात असण्याची शक्यता निम्मी, आणि वहिनीला दिवस जाण्याआधी ते कळायला हवं. रिपोर्टची सगळी पानं पाठवा, आलेखाचंसुद्धा.

तुमची,
ठमी