सूचना : पाळीव सापांच्या संकराबाबत

नागपुरातील सर्व सदस्यांना कळविण्यात येते की, कॉर्न स्नेक व किंगस्नेक या दोन विदेशी, बिनविषारी सापांची जोडी लावण्यास समूहाकडून कोणतेही साहाय्य मिळणार नाही. या संकराची पिल्ले बहुधा प्रजननक्षम असल्याने, दोन-तीन पिढ्यांनंतर कॉर्न स्नेकच्या पाठीवर असतात तसे काळ्या कडेचे तांबडे ठिपके पाहून मूळ वंश ओळखणे जाणकारालाही जमत नाही, आणि तोच साप शुद्ध म्हणून विकला जातो. शिवाय किंगस्नेक इतर साप खातो, त्यामुळे जोडीदारच गिळला जाण्याची भीती असते. हौशी मंडळी नेमके हेच विसरतात. संकरित साप आधीच पाळलेला असल्यास नोंदवहीत आईबापांच्या जाती लिहाव्यात. धामण, अजगर यांसारखे देशी साप 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार घरी पाळताच येत नाहीत.