गोळी कधी थांबवायची तेही सांगणाऱ्या औषध दुकानातल्या ताईंना

स. न. वि. वि.

ताई, मार्च २०२५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या औषधाचं पेटंट संपलं आणि ६० रुपयांच्या आसपासची १० मिलिग्रॅमची गोळी दहाएक रुपयांवर, काही ब्रँडची तर त्याहूनही खाली आली. टाइप २ मधुमेहाच्या कितीतरी घरांत ती तेव्हा पहिल्यांदा पोचली. अशा वेळी पट्टी कापून पिशवीत घालणं सोपं होतं. तुम्ही मात्र प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला दोन मिनिटं थांबवून घेता आणि पट्टीला हाताने लिहिलेली चिठ्ठी लावता. आभार त्या चिठ्ठीचे. पत्र सगळ्यांसमोर लिहितोय ते एवढ्यासाठी की तिच्यातला मजकूर इतर घरांतही जावा.

चिठ्ठीतली पहिली ओळ आहे, ‘लघवीत साखर येणारच.’ मूत्रपिंडं रक्तातली साखर गाळतात आणि जवळजवळ सगळी पुन्हा आत ओढून घेतात. ही गोळी ते परत ओढणं अडवते, त्यामुळे रोज साधारण ६० ते ८० ग्रॅम साखर लघवीवाटे बाहेर पडते. वजन दोन-तीन किलो उतरतं ते यामुळेच. लघवीच्या रिपोर्टवर साखरेपुढे तीन अधिक दिसले की माणूस हबकतो, आणि शेजारचा कुणी लगेच ‘औषध लागू पडत नाहीये’ म्हणतो. उलट आहे, लागू पडतंय म्हणूनच ती साखर तिथे दिसते. नियंत्रण बघायचं ते रक्तातली साखर आणि एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) यांवर. गोळी सकाळी घ्यायची, जेवणाआधी की नंतर याने फरक पडत नाही. रात्री घेतली तर लघवीसाठी झोपमोड वाढते, एवढंच.

गोड लघवीवर बुरशी पोसते, म्हणून खाज आणि पांढरा स्राव हा या गोळीचा सर्वांत नेहमीचा त्रास. बायकांना जास्त होतो, पण पुरुषांनाही होतो, आणि काउंटरवर हे कुणी बोलत नाही. तुम्ही लिहून देता: प्रत्येक वेळी साध्या पाण्याने धुवा, कोरडं करा, सुती कपडे वापरा, खाज सुटली तर लाजून महिनाभर थांबू नका. साध्या बुरशीच्या मलमाने बहुतेकांचं भागतं, गोळी सोडावी लागत नाही. मात्र गुप्तांग आणि गुदद्वार यांच्यामधल्या भागात दुखणं, सूज आणि ताप असं एकत्र आलं, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठायचं. हा जंतुसंसर्ग क्वचित होतो, पण झपाट्याने पसरतो.

आता थांबवण्याबद्दल, कारण चिठ्ठीचा खरा जीव तिथे आहे. उलट्या, जुलाब, ताप येऊन खाणं-पिणं सुटलं की ही गोळी बंद. शरीरात पाणी कमी झालं असेल तर मेटफॉर्मिन ही मधुमेहाची नेहमीची गोळीही तेवढ्यापुरती बंद. इन्सुलिन मात्र आपल्या मनाने बंद करायचं नाही, डोस डॉक्टरांना विचारायचा. नेहमीसारखं जेवण-पाणी सुरू होऊन एक-दोन दिवस गेले की गोळी पुन्हा चालू. ठरलेल्या शस्त्रक्रियेआधी निदान तीन दिवस ती बंद असावी लागते, आणि ती चालू आहे हे भूलतज्ज्ञांना आपणहून सांगायचं.

कारण असं: या गोळीवर असताना पोट रिकामं राहिलं आणि इन्सुलिन कमी पडलं, की शरीर चरबी जाळायला लागतं आणि रक्तात केटोन साचून रक्त आम्लधर्मी होतं. एरवी या अवस्थेत साखर ४००-५०० च्या घरात दिसते. इथे ती १५०-२०० सुद्धा असू शकते, आणि फसगत होते ती इथेच. ग्लुकोमीटर ‘ठीक’ म्हणतो, घरचे ‘ॲसिडिटी आहे’ म्हणतात, आणि माणसाला मळमळ, पोटदुखी, भलता थकवा, जोरजोरात श्वास सुरू झालेला असतो. अशा वेळी रक्तातले केटोन तपासायला सांगायचं. ०.६ मिलिमोल प्रति लिटरच्या आत ठीक, १.५ च्या वर धोका, ३ च्या वर सरळ आपत्कालीन विभाग. लघवीच्या पट्टीवर केटोन कमी दिसू शकतात, म्हणून रक्ताचीच तपासणी मागायची.

उपवासाचंही तेच. हरतालिका किंवा निर्जळी एकादशी करायची असेल, तर गोळीचं काय करायचं ते आधीच डॉक्टरांना विचारावं. रमजानच्या रोज्यांनाही हे लागू. साबुदाण्याच्या उपवासात भीती उलटी, तिथे साखरच चढते! आणि भात-पोळी पूर्ण बंद करून किटो आहार घेणाऱ्यांनी ही गोळी चालू ठेवून तो प्रयोग करू नये.

दुहेरी डोस तुम्ही कसे पकडता, त्याचेही आभार. हृदयरोगतज्ज्ञ डापाग्लिफ्लोझिन लिहितात, मधुमेहतज्ज्ञ एम्पाग्लिफ्लोझिन. दोन चिठ्ठ्या, दोन ब्रँड, पण औषधाचा गट एकच. नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ असलेली एकच गोळी घ्यायची. दोन औषधं एकत्र असलेल्या जोडगोळ्यांतून मेटफॉर्मिनही असंच दोनदा पोटात जातं, म्हणून ब्रँड बदलला की पट्टीमागची बारीक अक्षरं वाचायची.

सोबत साखर उतरवणारी ग्लिमेपिराइड ही गोळी किंवा इन्सुलिन असेल तर साखर घसरू शकते. एकटी ही गोळी सहसा साखर पाडत नाही, जोडीदार पाडतात, म्हणून त्यांचा डोस बहुधा कमी करावा लागतो. रक्तदाबाचंही तसंच. टोर्सेमाइड, फ्युरोसेमाइड अशी लघवीची गोळी आधीच चालू असेल तर उठताना चक्कर येते, त्यात विदर्भातला मे महिना असला तर विचारायलाच नको. पाणी पुरेसं प्या, हे सर्वांना. हृदयविकारामुळे ज्यांचं पाणी मोजून दिलंय त्यांनी आपल्या डॉक्टरांचं माप पाळायचं.

सुरू केल्यावर काही आठवड्यांत मूत्रपिंडांच्या तपासणीतलं क्रिएटिनिन थोडं वाढलेलं दिसतं. त्या भीतीने गोळी सोडणारे बरेच आहेत. ईजीएफआर (मूत्रपिंडं किती गाळतात त्याचा आकडा) ३० टक्क्यांहून जास्त घसरला तर कारण शोधायचं. त्याच्या आतली घसरण अपेक्षितच असते, आणि पुढे हीच गोळी मूत्रपिंडांची झीज मंदावते. २०१५ च्या मोठ्या चाचणीत हृदयविकार असलेल्या मधुमेहींमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी दिसले होते. एवढं पदरात पडणारी गोळी एका रिपोर्टला घाबरून कचऱ्यात जाऊ नये, यासाठी तुमचं ‘आधी फोन करा, मग बंद करा’ हे वाक्य फार मोलाचं आहे.

तुमचे मनापासून आभार.

आपला,
ज्येष्ठ नागरिक संघाचा मधुमेह गट

ता. क. – चिठ्ठीच्या मागच्या बाजूला एक भर घालाल का? साखर ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, असं आपण सगळ्यांना सांगतो. पण ग्लिमेपिराइडच्या जोडगोळीत व्होग्लिबोज असेल तर ते साध्या साखरेचं पचन लांबवतं आणि साखर वेळेवर चढत नाही. त्यांनी ग्लुकोज पावडरच घ्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. डबा घरात आधीपासून असावा.