गाण्याची चाल बांधणाऱ्या दिव्यांग मुलांना शिकवणारा माणूस द्या

मा. दिव्यांग कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

स. न. वि. वि.

मी मिरजेत हार्मोनियम शिकवते. माझ्याकडे एक पूर्ण अंध तरुण येतो आणि सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा नसणे) असलेली एक मुलगी येते. दोघांनाही स्वतःच्या चाली बांधायच्या आहेत, आणि कॉम्प्युटरवर ते आज शक्य आहे. त्यासाठी मदत मिळेल का, म्हणून एका कार्यालयात चौकशी केली. यादीत काठी आहे, तीनचाकी आहे, श्रवणयंत्र आहे. गाण्याचे काही नाही, असे सांगण्यात आले. म्हणून हे पत्र.

तो तरुण काम कसे करतो ते आधी सांगते. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारे सॉफ्टवेअर, मोफत आहे आणि मराठीही वाचतो, आवाज जरा यांत्रिक असला तरी. रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला ओसारा हे मोफत एक्स्टेन्शन (जोड-सॉफ्टवेअर) जोडले की कोणत्या ट्रॅकवर, म्हणजे आवाजाच्या कोणत्या थरावर आहोत, तो म्यूट आहे का, कर्सर कुठे आहे, सगळे ऐकू येते. माउसला हात न लावता तो तंबोऱ्यावर तबला, तबल्यावर बासरी चढवत जातो. रीपरचा सवलतीतला परवाना ६० डॉलरचा आहे.

मुलीची अडचण वेगळी. तिची बोटे तालात पडत नाहीत. पण म्यूझस्कोअर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एकेक स्वर हवा तेवढा वेळ घेऊन भरता येतो आणि कॉम्प्युटर तो लयीत वाजवून दाखवतो. विंडोजमधल्या स्टिकी कीज चालू केल्या की दोन कळा एकदम दाबाव्या लागत नाहीत. तिची पहिली चाल ऐकली तेव्हा मी थक्क झाले. इतकी वर्षे हे सगळे तिच्या डोक्यातच अडकून होते! ज्यांना हातच उचलता येत नाही त्यांच्यासाठी एका बटणावर चालणारे स्विच आहेत. आयहार्प हे वाद्य तर नुसत्या नजरेने वाजवता येते.

साहेब, घोडे अडते ते शिकवणाऱ्यापाशी. ओसारा बसवायचे कसे, वाद्यांचे आवाज देणारे कोणते प्लगइन (रीपरमध्ये जोडायचे छोटे सॉफ्टवेअर) स्क्रीन रीडरशी बोलते आणि कोणत्याची बटणे नुसती चित्रे असल्याने तो गप्प राहतो, कीबोर्डच्या बारा ठरीव स्वरांतून पिच बेंड (स्वर वर-खाली सरकवण्याची सोय) वापरून मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, कशी काढायची, हे शेजारी बसून दाखवणारे कोणी मला जिल्ह्यात सापडले नाही.

पं. विष्णु दिगंबर पलुस्करांच्या डोळ्यांना लहानपणी फटाक्याने इजा झाली. पुढे ते याच मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकले, १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि स्वतःची स्वरलिपीही तयार केली. माझ्या विद्यार्थ्याला मात्र स्वरलिपीची पुस्तके मिळतात ती स्कॅन केलेली. स्क्रीन रीडरच्या लेखी ते पान म्हणजे एक चित्र, त्यातला एकही स्वर तो वाचत नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २९ मध्ये दिव्यांग कलावंतांना सुविधा आणि पाठबळ देण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. त्याच आधारे मागते: सांगली जिल्ह्यात एक खोली, दोन-तीन कॉम्प्युटर, कॉम्प्युटरला जोडून वाजवायचा मिडी कीबोर्ड, काही स्विच आणि पगारी प्रशिक्षक. तो स्वतः अंध असेल तर फारच उत्तम. संगीताची पाठ्यपुस्तके युनिकोडमध्ये, म्हणजे स्क्रीन रीडरला वाचता येईल अशा अक्षरांत करून घ्यावीत. आणखी एक सुचवते. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. इथल्या कारागिरांच्या वाद्यांचे सूर एकेक करून रेकॉर्ड करावेत आणि या मुलांना मोफत द्यावेत, म्हणजे त्यांच्या रचनांत परक्या नमुन्यांऐवजी मिरजेचा तंबोरा वाजेल.

सगळे एकदम होणार नसेल तर प्रशिक्षकाची जागा आधी भरा, सामान मागून आले तरी चालेल. आपले अधिकारी मिरजेला आले तर दोघेही आपापले काम करून दाखवायला तयार आहेत. त्यांना विचारूनच हे लिहिले आहे.

आपली नम्र,
एक संगीत शिक्षिका, मिरज